अमुक, पुरुष, एक

माझ्या पणजीला मरेपर्यंत वाटत होतं की आपण आपल्या नवऱ्याला मारलं.

विष घालून नव्हे. नाव घेऊन.

ती गेली, ती आजचीच तारीख. दरवर्षी पोस्ट लिहायला घेते आणि घाबरून फोन बाजूला ठेवते. आज लिहूनच टाकते.

मी दहा वर्षांची होते तेव्हा ती नव्वदीला टेकली होती. घरात कुणालाच ती नावानं हाक मारायची नाही. मी अमकी. माझा भाऊ फलाणा. आजोबा, म्हणजे तिचा एकुलता मुलगा, "ह्यो".

"ए अमके, फलाण्याला म्हणावं, ती ही आलीया, तिला ते हे दे."

आणि ताकाचं भांडं बरोबर शेजारणीच्या हातात पडायचं. घरात सगळ्यांना सगळं कळायचं.

एकदा मी रुसले. म्हटलं, "माझं नाव सुमन आहे. एकदा तरी सुमन म्हण."

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मग दाराला कडी घालून तिनं मला सगळं सांगितलं. एकदाच.

सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरचे महाराज गादीवर येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. कोल्हापुरात आधी उंदीर पडायला लागले, मग माणसं. प्लेग.

पणजी सतरा वर्षांची, कडेवर दोन महिन्यांचं पोर. पणजोबा एका तेलघाण्यावर कामाला. त्यांच्या काखेत गाठ आली आणि शुद्ध हरपली. दोन अनोळखी माणसांनी त्यांना उचलून कळंब्याच्या वाटेवरच्या माळावर नेलं. तिथं बांबूच्या तट्ट्यांचा तात्पुरता दवाखाना उभारला होता. आजारी आत, घरची माणसं बाहेर.

फाटकावर कारकुनानं विचारलं, "नाव?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती म्हणाली, "ह्या पोराचं बा."

"पोराचं नाव काय?"

बारसंच झालं नव्हतं. गल्लीत रोज तिरडी उठत होती, पाळणा कोण बांधणार?

मागं रांग लागलेली. कारकून वैतागला आणि त्यानं वहीत लिहिलं: अमुक, पुरुष, एक.

"मला लई बरं वाटलं," पणजी म्हणाली. "म्हटलं, झ्याक झालं. आता यमाला तरी कसं गावायचं?"

रोज सकाळी कारकून फाटकाशी येऊन गेलेल्यांची यादी वाचायचा. बाहेर बायका उकिडव्या बसलेल्या असायच्या. तीन सकाळी गेल्या.

चौथ्या सकाळी पाच-सहा नावं वाचून झाली आणि शेवटी तो म्हणाला, "अमुक, पुरुष, एक."

तीन बायका एकदम उभ्या राहिल्या.

तिघींनीही नाव घेतलं नव्हतं. वहीत तिघींचेही नवरे अमुक.

मढं पहाटेच जाळलेलं. कपडेही जाळलेले. ओळखायला काही उरलं नव्हतं.

"आता तरी नावं सांगा की बायांनो," कारकून ओरडला. "आत हाक मारतो. जो ओ दील त्यो जित्ता."

तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या. नाव घेतलं तर तो जाणार. नाही घेतलं तर तो आहे की गेला, तेच कळणार नाही. पणजीला पोर हातातनं निसटतंय असं वाटत होतं.

शेवटी तिनं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. कारकुनाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा, मोठ्यानं.

शिपाई आत गेला. त्यानं हाक मारली. तट्ट्यापलीकडून बारीक आवाज आला, "ओ!"

ती तिथंच बसून हसायला आणि रडायला लागली.

उरलेल्या दोघी नाव न घेताच निघून गेल्या. दोघींच्याही कपाळावर कुंकू तसंच होतं.

पाचव्या सकाळी यादीत पहिलंच नाव पणजोबांचं होतं. तिनं सांगितलेलं.

"म्या सांगितलं म्हून गावलं यमाला," ती मला म्हणाली. "न्हायतर बसला असता की हुडकत. माझं तोंड वंगाळ हाय. तुझं नाव न्हाय घ्यायचं मला."

त्यानंतर दोनच महिन्यांनी ती अंथरुणाला खिळली.

एका दुपारी मी तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर पाढे लिहीत बसले होते. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली,

"सुमन. हिकडं ये."

मी पाटी टाकून पळाले.

गोठ्यात कडब्यामागं लपले आणि दुपारभर काख चाचपत बसले. गाठ आली का? आता आली का? मी मरणार, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

दिवेलागणीला मला शोधून काढलं तोवर ती गेली होती. आजी म्हणाली, "तुलाच हाक मारत हुती गं. शेवटपातूर."

मी गेले नाही.

पुढं तीस वर्षं जयसिंगपुरात विज्ञान शिकवलं. प्लेगचा धडाही शिकवला. उंदीर, पिसवा, जंतू, सगळं फळ्यावर काढून. आणि दरवर्षी या तारखेला घरी येऊन गुपचूप काख चाचपली. हसू नका. आज सकाळीही चाचपली.

पणजे, मी पासष्टीची झाले.

तू माझं नाव घेतलंस आणि मला काही झालं नाही.

मग त्यांनाही तू मारलं नव्हतंस गं. ते प्लेगनं गेले.

त्यांचं नाव गणपत होतं. बघ, मी लिहिलं.

त्या दुपारी तू बोलावलंस आणि मी पळाले. त्याबद्दल मला माफ कर.

तुझी,
सुमन