तुळईला लावलेलं करंजेल

आई जाऊन महिना झाला. तिच्याबद्दल लिहायला बसले की आधी ती तुळईच आठवते.

भिवंडीत आमचे चार लूम होते. खाली कारखाना, वर फळ्यांच्या जमिनीची खोली. तिथेच आम्ही राहत होतो. सूत तुटू नये म्हणून खाली सतत पाणी शिंपडलं जाई. त्या ओलीने, खोली पेलणाऱ्या तुळईच्या भिंतीतल्या टोकावर पांढरी बुरशी धरली. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिची खाट वर नेमकी त्या टोकाच्या डोक्यावर होती.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. करंजाच्या तेलाने बुरशी मरते, असं मी बाबांना सांगितलं.

"होडीला आम्ही तेच लावायचो. त्याला बुक कशाला लागतंय?" बाबा हसले. त्यांचं लहानपण खाडीकाठचं.

त्यांनी करंजेलात बिब्याचं तेल घातलं. बिबा अंगावर उततो म्हणून आईने ताईला दिवसभर शेजारणीकडे बसवलं. होडी कडक उन्हात वाळवून मगच तेल लावतात, ही तुळई ओलीच होती. तेलाखाली ओल आतच कोंडेल, कूज झाकली जाईल, हे ना बाबांना सुचलं, ना मला. बुरशी दिसेनाशी झाली, लाकूड काळं, तुकतुकीत झालं. सगळे निर्धास्त झाले.

आठवड्याने मी सहज कर्कटकाचं टोक त्या लाकडात टोचलं. ते कुठेच अडलं नाही. अख्खं आत गेलं, आणि बाहेर पाणी झिरपलं. वर ताई कूस बदलत होती, खाट कुरकुरली.

तेल माझ्या सांगण्यावरून लागलं होतं. वर जाऊन जेवायला बसले, पण नजर ताईच्या खाटेकडेच होती. लुमांचा हादरा फळ्यांतून थेट ताटापर्यंत येत होता.

"तोंड का असं झालंय गं?" आईने विचारलं.

मी तिच्या कानात सांगितलं.

"किती आत गेलं?"

मी बोटाची दोन पेरं दाखवली. ती रागावली नाही. जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली, "अहो, लूम बंद करा!"

"शिफ्ट सुटू दे की!"

"आत्ता बंद करा! आणि तुळईचं टोक टोचून बघा!"

लूम थांबले. बाबांनी पेचकस टोचून पाहिला असावा. मग त्यांचा बारीक आवाज आला, "पोरीला खाली आण. हळू. भिंतीकडनं नको, मधनं."

"एवढी काय मी जड झाले?" ताई म्हणाली. आईने तिचा हात धरला. त्या शांततेत एकेक फळी करकरताना ऐकू येत होती. मी मागे उभी होते. माझंही वजन नको, म्हणून हललेच नाही. ताईचा पाय खालच्या जमिनीला लागला तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सुताराने खालून टेकू देऊन ते टोक कापलं. आतून नुसता ओला भुगा पडला. तोवर न डगमगलेली आई तो बघून पायरीवर मटकन बसली.