रिकाम्या प्लेटवरचा माणूस

बीडला ज्या खासगी दवाखान्यात मी एक्स-रे काढायचे, तिथं कॉम्प्युटरवर फोटो दाखवणारं मशीन आलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. नऊ वर्षं मी डार्करूममध्ये काढली होती. साडीला, केसांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा फिल्म धुण्याच्या औषधांचा वास यायचा. डॉक्टरांनी मुंबईच्या एका दलालाकडून परदेशात वापरून झालेलं मशीन घेतलं. तेव्हा बाहेरदेशीच्या वस्तूंची लाटच आली होती, आणि जुनं म्हणून कोणी नाक मुरडत नव्हतं.

आता फिल्मच्या जागी प्लेट आली. पेशंटच्या मागं ती ठेवायची, बटण दाबायचं आणि मशीनच्या फटीत सरकवायची. मशीन तिच्यावरचा फोटो वाचून पडद्यावर दाखवायचं, मग आतल्या दिव्यांनी प्लेट पुसून परत द्यायचं. छातीला पुरेल अशी मोठी प्लेट आमच्याकडं एकच होती.

एक फरक मला उशिरा कळला. किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची, कमी झाले की फिकी यायची. आपली चूक आपल्या हातात ओली ठिबकत असायची. नवं मशीन मात्र गप्प राहायचं. किरण दुप्पट गेले तरी कॉम्प्युटर सगळं सारखं करून नीट फोटो दाखवायचा. मला वाटायचं, आपला हात फार छान बसला.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलणारा एक हमाल आला. कंबर धरली होती. टेबलावर झोपवलं, तर त्याच्या करदोड्याला तांब्याचा ताईत. मी म्हटलं, हा काढावा लागेल.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "ह्यो लहानपनी बांदलाय. काडला तर मी जगत न्हाई, आसं माय म्हनायची."

बाहेर रांग होती. मी ताईत कडेला सरकवला, खाली ती मोठी प्लेट लावली आणि पुढं गेले. व्होल्टेज पडलेलं होतं, म्हणून किरणांचे आकडे चढवून ठेवले. मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी वीज उसळली. डोक्यावरचा पंखा घरघरत जोरात फिरायला लागला. फोटो मात्र सुरेख आला. मी हमालाला पाठवून दिलं.

त्याच्यानंतर शिरूर कासारकडची एक बाई आली. तिशीच्या आतली. महिनाभर खोकला होता, आणि दोन दिवसांत नवऱ्याबरोबर ऊस तोडायला निघायचं होतं. मी तिला श्वास धरायला लावला, तिनं इतका वेळ धरला की मलाच "सोडा" म्हणावं लागलं. फोटो पडद्यावर आला. उजव्या फुप्फुसात खाली एक बोराएवढी सावली होती, कडा अगदी पुसट. डॉक्टरांनी सावलीवर पेनचं टोक ठेवलं. मग तिच्या नवऱ्याला म्हणाले, "गाठीसारखं दिसतंय. औरंगाबादला दाखवा." फोटोचं पाकीट छातीशी धरून ती निघून गेली.

दुपारी गावातला एक किराणा दुकानदार आला. हर्नियाच्या ऑपरेशनआधी छातीचा फोटो हवा होता. त्याच्याही फुप्फुसात उजवीकडं खाली सावली होती. तेवढीच, जरा फिकी.

दुकानदाराला बाहेर बसवलं, प्लेट लावली, टायमर लावून स्वतः तिच्यापुढं उभी राहिले. माझ्या बरगड्या पडद्यावर उमटल्या. ती सावली माझ्यातही होती.

खरं सांगते, पहिला विचार प्लेटचा नाही आला. पहिला विचार आला की हे काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडं जाणारं आहे आणि आता ते माझ्यात आलंय. श्वास घेताना तिथं टोचल्यासारखंही व्हायला लागलं. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिन्ही फोटो बघितले आणि म्हणाले, "कुणालाच उभं करू नका. प्लेट नुसती मशीनमध्ये घाला."

घातली. आधी पडद्यावर राखेसारखे दाणे दिसले. मग वरून खाली, एकेक ओळ करत, चित्र यायला लागलं. मणका आला. त्याच्या बाजूनं कंबरेच्या हाडांच्या कडा आल्या. मणक्याशेजारी तो ताईत आला, त्याच्या कडीसकट. खोलीत आम्ही दोघंच होतो, प्लेटसमोर कोणी उभं राहिलेलं नव्हतं, आणि एक माणूस कंबरेपुरता आमच्यासमोर आडवा पडला होता.

डॉक्टरांनी मशीन उघडलं. प्लेट पुसणाऱ्या दिव्यांपैकी दोन जळालेले होते. रोजचे फोटो उरलेल्या दिव्यांनी पुसले जात. सकाळी वीज उसळली तेव्हा गेलेला किरणांचा मोठा झोत मात्र पुरता पुसला गेला नव्हता. दर वेळी नव्या माणसाच्या छातीमागं तो हमाल थोडा थोडा उरत होता. रिकाम्या प्लेटवर दुसरं काहीच नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरनं तेवढंच उजळून दाखवलं.

दुकानदाराचा फोटो जुन्या फिल्मवर काढून दिला. प्रश्न त्या बाईचा होता. डॉक्टर म्हणाले, "औरंगाबादला गेली असेल. तिथं कळेलच." मी चार दिवस तेच धरून बसले. पाचव्या दिवशी रविवार होता. रजिस्टरवरचा पत्ता घेऊन मी एसटीनं गेले.

शिरूरच्या पुढं तिची वस्ती होती. भर दुपारी तिथं पोचले, तर घरामागून घर बंद. कुलपं लावलेली, काही दारांना काटेरी फांद्यांची फेसाटी ओढून ठेवलेली. ऊसतोडीला सगळी गेली होती. चुली थंड होत्या, कोंबडी ओरडत नव्हती. एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती. मी बाईचं नाव सांगितलं, तर तिनं हात लांब करून दाखवलं. "ती गेली न्हाई. तिला ठिवलीय."

बाई घराच्या मागच्या पत्र्याच्या आडोशाला होती. वेगळी ताटली, वेगळा तांब्या. आजारी बाईला मुकादम टोळीत घेईना, म्हणून नवरा तिच्या जागी आपल्या बहिणीला जोडीला घेऊन गेला होता. औरंगाबादला तिला कुणी नेलंच नव्हतं. मला बघून ती उठली, पत्र्याखालून फोटो काढला आणि उन्हात धरला.

"रोज बगते, ताई," ती म्हणाली. "वाडतीया."

"ती गाठ तुमची नाहीच," मी म्हटलं. "तुमच्या आधी एका माणसाचा फोटो काढला होता. त्याच्या ताईताची सावली आहे ती. चूक माझी झाली."

तिनं फोटो खाली घेतला. "परक्या मानसाचं माज्या आत उतरलं?"

"आत नाही. प्लेटवर राहिलं."

"त्यो जित्ता हाय का?"

मला माहीत नव्हतं. "आहे," असं मी म्हटलं, आणि तिला ते खरं वाटलं नाही हे मला दिसलं.

त्याच दिवशी तिला बीडला आणलं. नव्या मशीनजवळ यायला ती तयार होईना, म्हणून जुन्या फिल्मवर फोटो काढला. धुवायला निघाले तर म्हणाली, "मी बी येनार." डार्करूमच्या लाल दिव्यात ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. तिचा श्वास माझ्या कानात वाजत होता. पाण्यातून बरगड्या वर आल्या, हृदयाची कड आली, दोन्ही बाजू स्वच्छ.

"आता त्यो कुटं गेला?" तिनं हळूच विचारलं.

मी फिल्म निथळायला टांगली.

खोकला धुळीचा निघाला, औषधानं बसला. डॉक्टरांनी मुकादमासाठी ती बरी असल्याची चिठ्ठी लिहून दिली आणि आठवड्याभरात तिच्या भावानं तिला साखर कारखान्यावर नवऱ्याकडं पोचवलं. मशीनचे दिवे बदलले. मी रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी प्लेट रिकामीच घालून बघायला लागले. पडदा कोरा येईपर्यंत खुर्चीवर बसत नसे.

तो माणूस जिवंत आहे का, हा तिचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून एका दुपारी मोंढ्यात गेले. हमाल पोत्यांच्या थप्पीवर उताणा पडला होता. शर्ट वर सरकलेला, तोंडावर रुमाल. मी बराच वेळ त्याच्या पोटाकडं बघत उभी राहिले. शेवटी ते हललं. त्याला न उठवताच परत आले.

दोन वर्षांनी बीडच्या स्टँडवर ती बाई दिसली. कडेवर मुलगी होती, तब्येत भरली होती. मी हाक मारली. तिनं ओळखलं, हसलीही. पण मी जवळ गेले तसा तिनं पदर ओढून छातीवर घट्ट धरला, लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गाडी लागायच्या आधीच फलाटाच्या कडेला जाऊन उभी राहिली.