पडद्यावरचा डॉक्टर, दारातली गाडी

आमच्या उपकेंद्राला सरकारने टीव्ही दिला, तेव्हा प्रसूतीच्या खोलीचं छत गळत होतं. मी धडगावच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर नर्स आहे. माहेर रनाळ्याचं. घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि पावरी मी इथल्या बायकांच्या बाळंतपणांतून शिकले. छतासाठी मी किती वेळा लिहिलं! उत्तर एकच यायचं: त्या हेडला, म्हणजे खर्चाच्या त्या सदराला, निधी नाही. दूरचिकित्सेच्या हेडला मात्र होता, आणि तो मार्चच्या आत संपवायचा होता. म्हणून भिंतीएवढा पडदा आला, कॅमेरा आला, गुबगुबीत खुर्ची आली. नेटसाठी छपरावर छत्री बसली.

उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब आले. लोकांनी दारात रांगोळी काढावी, अशी त्यांच्या माणसांची अपेक्षा होती. पाड्यावरचे निम्मे लोक ऊसतोडीला गुजरातेत गेलेले. रांगोळी मीच काढली.

"पेशंट म्हणून कुणीतरी बसवा, सिस्टर. जरा नीटनेटकं," साहेबांच्या सहायकाने सांगितलं.

मी नीटनेटकं कुणी शोधलं नाही. नववा महिना लागलेली एक सून सकाळीच सासूसोबत उतार चालत माझ्याकडे आली होती. पाय सुजलेले, बीपी भलतंच चढलेलं. ॲम्ब्युलन्सला मी फोन लावला होता. ती दुसरीकडे गेलेली, कधी परतेल ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या सुनेलाच मी गुबगुबीत खुर्चीत बसवलं.

पडदा सुरू झाला. शहरातला एक तरुण डॉक्टर दिसला. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्याने नीट विचारलं, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. मी पावरीत विचारलं, तिने दोन्हींना मान डोलावली. मी बीपी सांगताच तो पुढे वाकला.

"हिला आत्ता हलवा. झटके येऊ शकतात. इंजेक्शन देऊन लगेच मोठ्या दवाखान्यात न्या."

खोलीत टाळ्या वाजल्या.

खरंच वाजल्या! साहेब म्हणाले, "बघा, कसं अचूक निदान झालं!" कुणीतरी त्यांच्या हातात गुच्छ दिला, फोटो निघाले. ती बाई कपाळ धरून बसलेली, आणि हे लोक पडद्याकडे पाहून हसत होते. मग सगळे जेवायला शाळेकडे निघाले.

इंजेक्शन देऊन मी त्यांच्या मागे धावले. "साहेब, ॲम्ब्युलन्स नाही. तुमच्या गाडीतून हिला नेऊ द्या."

"सिस्टर, ही शासकीय गाडी आहे."

"साहेब, बाळंतपण खासगी आहे का?"

सहायक काहीतरी नियम सांगू लागला. गाडीचा ड्रायव्हर नंदुरबारकडचा होता. त्याने मागचं दार उघडलं आणि मला हळूच म्हणाला, "बसाडी दे तिले, ताई. मी सांगस साहेबले."

मी त्याच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. सून मागे, सासू तिच्याजवळ, मी त्यांच्यासोबत. घाट उतरताना सासू माझा हात दाबून पुन्हा पुन्हा विचारत होती, "जगेल ना?" मी हो म्हणत होते. मलाही माहीत नव्हतं.

जगली. मुलगी झाली, अशक्त पण रडकी. साहेब त्या संध्याकाळी वडापच्या जीपमध्ये, कोंबड्यांच्या टोपलीला टेकून धडगावला उतरले, असं मला नंतर कळलं. मला फार बरं वाटलं. ते लपवत नाही.

पुढच्याच आठवड्यात पेपरात आलं: दूरचिकित्सेमुळे आदिवासी मातेचे प्राण वाचले. गाडीचा उल्लेख नाही, ड्रायव्हरचा तर नाहीच.

पावसाळ्यात छत्री वाऱ्याने वाकडी झाली. दुरुस्तीचं हेड वेगळं होतं. पडद्यावर मी पांघरूण टाकलं, कारण त्यावरही छत गळू लागलं होतं.

दिवाळीनंतर सहायकाचा फोन आला. दुसऱ्या टप्प्याचा निधी मंजूर व्हायचा होता. "सिस्टर, त्या बाईचा बाळासकट एक फोटो पाठवा. हसरा."

"ती ऊसतोडीला गेलीय."

"अरेरे! मग बाळाचा तरी?"

"बाळ काय घरी ठेवून जाईल?"

"बरं, मग दुसरं कुणी चालेल," तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि बाहेर ताटकळलेल्या बायकांना आत बोलावलं.