गुडघ्यांसाठी समुद्र

येसाजीकाका बिडी अर्धीच ओढायचा. उरलेली कानावर. कानावर अर्ध्या जमल्या तरी पुढची नवीच पेटवायचा.

नवी माती दिसली की चिमूटभर जिभेवर ठेवायचा. चव घेऊन थुंकायचा. थुंकण्याच्या आवाजावरून जमीन कशी आहे ते आजूबाजूच्यांना कळायचं.

देवळात शिरला की आधी गावदेवीची विचारपूस, मग नमस्कार. "काय बये, उकडतं का?" असं.

खुर्चीवर बसायचा नाही. जिला आपल्यापेक्षा जास्त पाय आहेत तिचा भरवसा काय, असं त्याचं म्हणणं.

बायकोशी भांडण झालं की बैलाशी बोलायचा. बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात.

मला मास्तर म्हणायचा. मी मास्तर नव्हतो. साहित्य घेऊन बी. ए. झालो होतो आणि कुंभिवलीला घरी बसून होतो.

"शिकून हापिसात बसतो तो सायब," काका म्हणाला. "शिकून घरी बसतो तो मास्तर."

 

काका माझ्या वडिलांच्या वयाचा. तरी आमची दोस्ती होती. त्याला ऐकणारा हवा होता आणि मला उद्योग नव्हता.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी त्याचे गुडघे गेले. दोन्ही एकदम. शिमग्याला होळीभोवती नाचला आणि दुसऱ्या दिवशी उकिडवं बसता येईना. बाकीच्या गावाला हे थोडं गमतीचं होतं. काकाला नव्हतं. कारण चैत्री पौर्णिमेला पालखी होती.

आमची गावदेवी टेकडीवर बसते. पौर्णिमेला तिची पालखी गावात फिरते आणि पायऱ्या चढून देवळात परत जाते. पालखीचा पुढचा उजवा खांदा येसाजीकाकाच्या घराचा. मान त्याच्या आजोबापासूनचा. पण त्याला एक अट होती. टेकडीच्या पायथ्यापासून देवळाच्या दारापर्यंत तोच खांदा राहिला पाहिजे. मध्ये बदलला तर ज्याने खांदा दिला त्याच्या घराकडे मान जातो. कायमचा. पालखी पायरीवर टेकवायची तर बातच नाही.

आणि मान घ्यायला भिवाजी टपलेला. भिवाजी म्हणजे काकाचा चुलतभाऊ. बांधाला बांध, भिंतीला भिंत. तो रोज सकाळी ओसरीवर येऊन गुडघ्यांची चौकशी करायचा.

"दादा, बरं हाय ना? नाय, लोक इचारतात म्हनून."

"लोकांना सांग, येसाजी झाडावर चढलाय."

"उतरवायला येऊ का?"

काका मग बैलाशी बोलायला जायचा.

खोपोलीचा वैद्य म्हणाला, समुद्रावर जा. कढत वाळूत गुडघे पुरून बसा. वात निघून जाईल.

"कुठल्या समुद्रावर?" काकाने विचारलं.

"समुद्र एकच असतो," वैद्य म्हणाला.

बाहेर आल्यावर काका बराच वेळ हसला. "मास्तर, याच्या बापानं शेती केलेली नाय. धरणी एकच असती रं. पन शेत का एक असतं?"

थोडक्यात, समुद्र बघून घ्यायचा ठरला. काकाने समुद्र कधी पाहिला नव्हता. मी मुंबईला शिकत असताना चौपाटीवर भेळ खाल्ली होती. एवढ्यावर मी जाणकार ठरलो.

पाडवा करून निघालो. भागूकाकूने तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या.

"पाताळगंगा दारात हाय," ती मला म्हणाली, काकाला ऐकू जाईल असं. "तिच्यात बुडाय होत नाय व्हय? एवढ्या लांब जाऊन बुडायचं?"

काकाने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "ऐकलंस का रं? आपन परत आलो की हिला दाखवू पळून."

पेणपर्यंत बैलगाडी. गाडी तिथे ओळखीच्या घरी ठेवली. पुढे सर्व्हिस मोटार, मग धरमतरला खाडी ओलांडायला तर, मग पुन्हा मोटार. मोटारीत काका खाली बसला. सीटलाही पाय होते.

पहिला किनारा किहीमचा. उन्हं उतरत होती. समोर समुद्र पसरला होता. मला काही ओळी आठवल्या. मी त्या म्हणणार होतो.

काकाने वाकून चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि थुंकला. आवाज वाईट होता.

"खारट."

"काका, समुद्र आहे."

"म्हनून एवढं मीठ? घालताना हात सैल सुटलाय." त्याने मुठीत वाळू घेतली. शिंपल्यांचे तुकडे बोटांतून टोचत होते. "मुरमाड जमीन. इथं गुडघं पुरलं तर सोलून निघतील. चल."

समुद्राकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. जमीन बघायला आलेला माणूस शेजारच्याचं तळं कशाला बघेल?

दुसऱ्या दिवशी वरसोली. तिथे होड्या ओढून ठेवल्या होत्या. बांबूंवर बोंबील सुकत होते. वाळू बरी होती. काकाने मान हलवलीही. मग इकडेतिकडे पाहिलं.

"नको. इथं मानूस पुरला तर लोकांना वाटंल, सुकत घातलाय."

तिथून अलिबाग. पाण्यात कुलाब्याचा किल्ला. काठावर कचेरीतली मंडळी टोप्या सांभाळत हवा खात होती. मला ती जागा आवडली. मी तसं म्हणालो.

"मास्तर, हितं मामलेदार फिरतो," काका म्हणाला. "अर्धा मानूस जमिनीत बघितला की म्हनंल, वहिवाट कुनाची? सारा भर."

एकूण तीन समुद्र नापास झाले. धर्मशाळेत काका पाय चोळत बसला. भिवाजीचं नाव घेऊन थोड्या शिव्या दिल्या.  

"नाहीच जमलं तर?" मी विचारलं.

"तर काय? पालखी जाईल. देवीला काय, खांदा कुनाचा का असंना." थोड्या वेळाने म्हणाला, "बा मेला तवा मला मिसरूडसुद्धा नव्हतं फुटलेलं. दांड्याला माझं हाड पोचत नव्हतं तर खांद्यावर उशी बांधली नि उचलली. तवाबी हा भिवाजीचा बाप बाजूनं चालत होता."

पंचमीला खाडी ओलांडून अक्षीला गेलो. सकाळी उशिराची वेळ. पाणी लांब गेलेलं. वर सुरूची झाडं, मग पांढरी कोरडी वाळू, मग खाली दूरवर सपाट, काळसर, ओली पुळण. पाय ठेवला की ठसा उमटायचा आणि हळूहळू पुसला जायचा.

काका थांबला. लंगडत थेट खाली गेला. मूठभर वाळू उचलून दाबली. ती फुटली नाही. जिभेवर ठेवली. थुंकला. आवाज चांगला होता.

"हे खाचर," तो म्हणाला. "हितं पुर."

"काका, वैद्य म्हणाला कढत वाळू. ती वर आहे."

"वरची ती वरकस." आमच्याकडे भात पिकतं ते सखल खाचरात. वरची उताराची जमीन वरकस, तिथे नाचणी-वरी जेमतेम येते. "पावसात कस सगळा खाली उतरतो. वर र्‍हातो तो दगड. वैद्याला काय कळतं?"

या माणसाच्या खाचरातला भात मी लहानपणापासून खात आलो होतो. तो खोटा नव्हता. मी खड्डा खणू लागलो.

मध्येच मला एक शंका आली. "भरती आली तर?"

"भरती कशावर असती?"

"चंद्रावर."

"मंग? चंद्र कवा असतो?"

मी विचार केला. चंद्र आणि समुद्र एकत्र येतात अशा पुष्कळ कविता मी वाचल्या होत्या. परीक्षेत त्यांचं रसग्रहणही केलं होतं. त्या सगळ्यांत रात्र होती. मी खणत राहिलो.

काका धोतर सावरून खड्ड्यात बसला. मी कमरेपर्यंत वाळू लोटली. वरून पायाने दाबून घट्ट केली, बांध घालतात तशी. त्याने एक नवी बिडी पेटवली. डोळे मिटले.

"गार लागतं," तो म्हणाला. "वात निघतोय."

वात बराच वेळ निघाला. मग पाणी आलं. आधी नुसती एक पातळ जीभ. ती काकाच्या जरा अलीकडे थांबली आणि मागे गेली.

"काका, पाणी."

"परत गेलं का नाय? आपल्या ओढ्यासारखं आडदांड नाय हे. रीतभात हाय त्याला."

पुढची लाट त्याच्या पोटाला लागून परत गेली. काकाने तिचंही कौतुक केलं. त्याच्या पुढच्या लाटेने बिडी विझवली.

"मास्तर, काढ."

मी हातांनी उकरू लागलो. उकरेन तेवढी वाळू पाणी परत आणून टाकत होतं. आत ती चुन्यासारखी बसली होती. काका हात टेकून जोर करत होता. पाणी छातीला लागलं. आता तो देवीला हाका मारत होता. हाकांमध्ये शिव्याही होत्या. कुठली कुणाला ते निवडायला वेळ नव्हता.

काठावरून तीन कोळणी मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन चालल्या होत्या. माझी आरडाओरड ऐकून त्या वळल्या. पुढची थोराड बाई पाण्यात उभी राहिली आणि तिने काकाकडे पाहिलं. तिचं नाव धोंडूबाई, हे नंतर कळलं.

"आरं ए बाबा, कुनी पेरलं तुला?"

"आधी काढ गं बाये, मंग इचार!"

"रोप जुनं हाय गं," ती बाकीच्या दोघींना म्हणाली. "लावनीला उपेग नाय. उपटा."

पाट्यांनी वाळू उपसली. दोघींनी दोन काखांत हात घातले. धोंडूबाईने कमरेला मिठी मारून खेचलं. काका बाहेर आला. धोतर आत राहिलं.

पुढचं मी स्वतः पाहिलं म्हणून लिहितो. मागून मोठी लाट आली आणि येसाजीकाका पळाला. शिमग्यापासून ज्याला उकिडवं बसता येत नव्हतं तो माणूस लंगोटीवर, गुडघे छातीला लावत, सगळी पुळण ओलांडून सुरूच्या झाडांपर्यंत पळत गेला. मी पाण्यात तसाच उभा राहिलो. तोंड उघडं होतं. त्यात पाणी गेलं.

झाडाखाली तो धापा टाकत होता. गुडघे दाबून बघत होता. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बघितलास कस? खाचर ते खाचर."

"वाळूनं नाय पळालास," धोंडूबाई म्हणाली. "भ्यालास म्हनून पळालास."

"तू गप. तुझी जमीन चांगली हाय, तुला किंमत नाय."

तिने त्याला आपलं एक जुनं लुगडं गुंडाळायला दिलं. तो ते नेसला. दुपार कलली तेव्हा मी वर पाहिलं. निळ्या आभाळात फिकट चंद्र होता. मी काकाला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिलं.

"हा कवापासनं निघतो दिवसा?" तो म्हणाला. मग त्याने चंद्राला शिवी दिली.

गावात आम्ही अक्षीची जमीन एवढंच सांगितलं. धोतराचं काही बोललो नाही. भागूकाकूला लुगडं सापडलं, त्यावरून झालं ते वेगळं. गुडघे थोडे सैल झाले होते हे खरं. भीतीने की वाळूने की नुसते आपापले, सांगता येत नाही. भिवाजीने सकाळी येणं बंद केलं.

पौर्णिमेला पालखी गावातून फिरली. काकाने पुढचा उजवा खांदा दिला होता. पायथ्याशी ढोल वाढले. भिवाजी बाजूने चालत होता. त्याने नवा टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला होता. 

खालच्या पायऱ्या काका चढला. चांगला चढला. मी मागे होतो. मला त्याच्या पोटऱ्या दिसत होत्या. वळणापाशी त्या थरथरू लागल्या. त्याने एक पायरी घेतली. मग पुढची घ्यायला पाय उचलला आणि तो उचललेलाच राहिला.

"दादा, सोड," भिवाजी हळू म्हणाला.

"नाय सोडत."

"अरं, पडशील."

"पडीन. तुझ्या बापाचं काय जातं?"

ढोलवाले थांबले. काकाचा खांदा खाली जात होता. दांडा कलला. आत देवीचा चांदीचा मुखवटा फुलांवरून एका बाजूला घसरला. बायका ओरडल्या. काकाने मान वळवून मुखवट्याकडे पाहिलं. मला वाटलं तो काहीतरी इरसाल बोलणार. 

पण त्याने भिवाजीकडे पाहिलं.

"ये," तो म्हणाला. "आत घाल खांदा. आन वरची पायरी डुगडुगती, जपून टाक."

भिवाजीने खांदा घातला. काका दांड्याखालून सरकला. पालखी सरळ झाली. भिवाजीने लगेच पाय उचलला नाही. तो काकाकडे बघत होता, जणू त्याला दुसरं काही ऐकायचं होतं.

"आता चल की. तिला उभी ठेवतोस काय उन्हात?"

ढोल पुन्हा सुरू झाले. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी वर गेली. काका पायरीवर बसला. मी शेजारी बसलो. मी म्हणालो, मी धरतो, आपण हळूहळू वर जाऊ, दर्शन तरी होईल.

"तू जा," तो म्हणाला. "माझ्या राहिल्यात त्या मी सावकाश चढंन."

भादव्यात तो तापाने गेला. गुडघ्यांचा काही संबंध नव्हता. वळणाच्या वरच्या पायऱ्या तेवढ्या राहिल्या.