बंगल्यावरचं मेहूण

आता काय सांगू तुम्हाला, देवाच्या कामातसुद्धा माझ्याइतका घोळ कोणी घातला नसेल!

माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. मेहूण, म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं, जेवू घातल्याशिवाय व्रत पुरं होत नाही. आणि नेमकं ठरलेलं जोडपं तापाने आडवं!

पण चौलात आमच्या कुंपणापलीकडे मुंबईच्या शेटचा बंगला आहे ना! शेट उगवणार शनिवारी. एरवी तिथे राज्य स्वयंपाकीण मंदा आणि माळी नामदेव यांचं. दिवसभर भांडणं!

"माझी कोथिंबीर उपटलीस?"

"तुझी? तुझ्या बापानं पेरलीय?"

इतक्या हक्काने नवरा-बायकोशिवाय कोण भांडतं, तुम्हीच सांगा! मंदाच्या गळ्यात मंगळसूत्र दिसायचं नाही, पण मला वाटलं, शेगडीपाशी काढून ठेवत असेल.

कुंपणावरून हाक मारली, "दोघं जेवायला या गं!" आली बिचारी, नटूनथटून.

शेजारी शेजारी पाटावर बसवलं. मंदाची ओटी भरली. दोघं अगदी गप्प. मी मनात म्हटलं, काय गुणाचं जोडपं! आणि वर आग्रह, "मंदा, नाव घे बघू."

मंदा लाल झाली. खाली बघत म्हणाली,

"शेटचा बंगला, शेटची विहीर,
नामदेवरावांचं नाव घेते, किती धरू धीर!"

नामदेवला ठसकाच लागला. "मंदे, आपलं लगीन कधी झालं?"

माझ्या हातातलं तूप पोळीऐवजी पाटावर!

"न्हाय झालं!" मंदा कडाडली. "कोथिंबिरीवरनं भांडाय तोंड हाय, आनि इचारायला न्हाय? काकींनी ओटी भरलीय. आता काय ते बोल!"

नामदेव पोळीकडे बघत पुटपुटला, "मी कधी न्हाय बोललो?"

अहो, मी तर टाळ्याच वाजवल्या! आमचे हे दारात पोट धरून हसत होते.

मग गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "लग्न जमवलंत, उत्तम. पण उद्यापन काही झालं नाही. खरं मेहूण जेवेपर्यंत सोमवार सोडू नका."

दुसरं जोडपं शोधणार, तोच मंदाने हात धरला. "काकी, तुमचं मेहून आमीच! दुसऱ्या कुनाला बसवायचं न्हाय." त्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे मी शब्द देऊन बसले.

लग्न वैशाखात. माझे सोमवार चालूच.

परवाच्या सोमवारी मंदा कुंपणावरून विचारते, "काकी, शालू हिरवा घेऊ का लाल? सावकाश सांगा, घाई न्हाय."

मी उपाशीपोटी ओरडले, "कुठलाही घे बाई, पण आजच घे!"