खाल्ली तरी चालेल अशी वडी

माझ्या हातचा साबण आजवर एकाच माणसाने खाल्ला आहे, आणि ते माझे व्याही आहेत.

अर्थात तेव्हा ते व्याही व्हायचे होते. आमच्या मुलीच्या, राणीच्या, क्रीमच्या ट्यूबांवरची अक्षरं वाचणं हा माझा रोजचा उद्योग होता. ‘सात दिवसांत उजळ कांती’ वाचलं की आठव्या दिवशी मी तिला खिडकीशी उभी करून निरखायचो. (तीच राणी, तोच रंग!) शेवटी ती वैतागून म्हणाली, “बाबा, मंग तुमीच बनवा ना साबन.”

मी बनवला. रिठा, बेसन, मुलतानी माती आणि वाळवलेली संत्र्याची साल. ताटात थापून शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडल्या आणि बोरगावभर सांगत सुटलो, की इतका शुद्ध आहे, खाल्ला तरी काही होत नाही. बायकोने, सुमनने, त्या साबणाने एकदा आंघोळ केली आणि मग बराच वेळ मोरी धुतली.

त्याच रविवारी हिंगणघाटचे पाहुणे आले. राणीचं आणि मुलाचं आधीच जमलं होतं, फक्त त्याच्या वडिलांचा होकार बाकी होता. सुमनने मुद्दाम संत्र्याची बर्फी केली होती. चहा उतू जाईल म्हणून ती गॅसपाशी अडकली आणि मला म्हणाली, “अवो, ओट्यावरच्या वड्या नेजा पाहुन्यायले.”

ओट्यावर दोन ताटं होती. मी जवळचं उचललं.

मुलाच्या वडिलांनी अख्खी वडी तोंडात टाकली आणि मान खाली घालून चावत राहिले. कशी झालीय, मी विचारलं. ते “छान” म्हणाले, आणि त्याबरोबर ओठांवर फेस आला. तो पाहून राणी पांढरीफटक पडली. एवढी उजळलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि सात दिवसही लागले नव्हते.

मी हात जोडून सगळं सांगितलं, माझ्या बढाईसकट. त्यांनी चूळ भरली, मिशा पुसल्या.

“मले वाटलं पोरीनं केली असन,” ते म्हणाले. “पोरीच्या हातच्याले नाव कसं ठेवू?”

अशा घरी मुलगी द्यायला मला कसलाच विचार करावा लागला नाही. आता राणी हिंगणघाटला असते. बाथरूमचं फळकूट रिकामं आहे, वाचायला एक ट्यूब नाही, आणि मला ते फार जाणवतं.

त्या रविवारी जाताना व्याह्यांनी माझ्या साबणाच्या दोन वड्या मागून नेल्या होत्या. पुढे लग्नात भेटले तेव्हा चारचौघांत म्हणाले, “तुमचं खरं हाये. खाल्ला, काईच झालं नाई. मंग लावून पाह्यला, तरी काईच झालं नाई.”