कुत्रं उचलायला मी आले नव्हते

दुष्काळात खडी फोडायचं सरकारी काम बंद पडलं, तेव्हा मी आणि माझा नवरा तामलवाडीकडचं गाव सोडून उस्मानाबादला आलो. तो हमालीला लागला, मी गोणी घेऊन प्लॅस्टिक वेचायला. फुटक्या बादल्या, तुटक्या चपला, दुधाच्या पिशव्या. कडक एकीकडं, नरम एकीकडं, असं निवडून भंगारवाल्याकडं घालायचे. तिथून ते सोलापूरला जायचं, वितळायचं आणि पाईप नाहीतर टमरेल होऊन पुन्हा बाजारात यायचं. मला त्या कामाची लाज वाटली नाही.

लाज वाटली माझ्या वडिलांना. आम्ही धम्म घेतला तेव्हा त्यांनी गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. त्यापायी गावानं त्यांची वाट अडवली, गिरणीत दळण घेईनात, तरी ते हलले नाहीत. एका आठवडी बाजाराला ते आले, माझ्या पाठीवरची गोणी बघितली आणि रस्त्यातच थांबले.

"आमी ढोरं टाकली, ती तू उकिरडा उचलावा म्हणून व्हय? चल घरी."

"आबा, ढोरं तुमाला गाव वढाय लावायचं. हे म्या माझ्या मनानं करते."

"घाण ती घाणच."

तेवढ्यात समोरच्या कापड दुकानदारानं मला हाक मारली. त्याच्या पायरीपाशी कुत्रं मरून फुगलं होतं.

"ए बाई, एवढं उचलून टाक. भाकरी देतो."

भाकरी म्हणाला तो. ढोर ओढलं की आबांनाही गाव भाकरीच द्यायचं. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

"म्या प्लॅस्टिक उचलते," मी म्हणाले. "कुत्र्याचं नगरपालिकेला सांगा."

"कचरा तो कचराच की! एवढा माज कधीपासून आला गं तुमच्यात?"

"माझ्या बापानं ढोरं टाकली तवापासून."

त्यानं मला गल्लीत पाय टाकायचा नाही म्हणून दम दिला. दुसऱ्या दिवसापासून दुकानातलं प्लॅस्टिक तो दारातच जाळायला लागला. मला मिळू नये, एवढ्यासाठी. मी रोज त्याच गल्लीतून गेले. वस्तीतल्या बायांनाही बरोबर घेतलं. रस्ता काही त्याचा नव्हता. शेवटी त्या काळ्या धुरानं गिऱ्हाईक पळायला लागलं, शेजारचे दुकानदार भांडायला उठले, तेव्हा जाळणं थांबलं. मग तो पायरीवरून पिशव्या माझ्या पायाशी फेकायचा. फेकलेलं मी उचललं नाही. दुसरी दुकानं होती.

दुकानदाराशी बोलाचाली झाली त्याच बाजारच्या दिवशी आबा माझ्या खोलीवर आले होते, चहा घेतला.

"त्याला बोललीस ते बरं केलंस," म्हणाले. "पर ही घाणच हाय."

त्यांचं मत कधी बदललं नाही. गावात ते सांगायचे, पोरगी दुकानात कामाला हाय. मी गावाला गेले आणि कुणी विचारलं, की मीच चारचौघांत सांगायचे, प्लॅस्टिक वेचते. आबा तोंड फिरवायचे. मी तरी सांगायचेच.